साक्ष दिली, पण नवरा परत प्यायला लागला

प्रश्न : ताई, सलाम. मागच्या नाताळात मी चर्चमध्ये माइकवर उभं राहून साक्ष दिली की प्रार्थनेने मिस्टरांची दारू सुटली. तेव्हा खरंच सुटली होती हो, कित्येक महिने एक थेंब नाही. जूनपासून परत सुरू झाली. आता रविवारी मी एकटीच जाते, कोणी विचारलं की डबल ड्युटी आहे म्हणते, आणि इकडे ते पडदे लावून झोपलेले असतात. त्यात पाळक साहेबांनी उपवास प्रार्थनेला परत तीच साक्ष द्यायला सांगितलीय. खरं सांगितलं तर देवाचं नाव खराब होईल ना? काय करू?
– एक बहीण, अहिल्यानगर

उत्तर : सलाम ताई. नाताळातली साक्ष खोटी नव्हती, ते आधी मनातून काढून टाका. पण आता तीच परत देऊ नका, कारण आज ती खरी राहिलेली नाही.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 5 काढा. हनन्या आणि सप्पीरा, जमीन विकून मंडळीला पैसे आणून देणारे नवरा-बायको. आपण लहानपणापासून ऐकत आलो की त्यांनी पैसे ठेवून घेतले म्हणून ते मेले, पण प्रेषित पेत्र हनन्याला काय म्हणतो बघा, जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हातात होते. म्हणजे थोडे ठेवले असते तरी कोणी विचारलं नसतं, थोडे देऊन सगळे दिले असं दाखवलं तिथे सगळं बिघडलं. मला हा अध्याय फार लागतो, कारण आपल्या मंडळ्यांमध्ये साक्ष म्हटली की शेवट गोडच हवा असतो आणि मग तुमच्यासारख्या बाया एकट्या रडत बसतात.

देवाच्या नावाची काळजी करता, पण स्तोत्र 88 वाचलंय? सगळा आक्रोश, शेवटसुद्धा अंधारात, तरी ते पवित्र शास्त्रात आहे तसंच आहे. मार्कच्या शुभवर्तमानात, अध्याय 9 मध्ये, पोराला बरं करा म्हणून आलेला बाप तर येशूला तोंडावर सांगतो की विश्वास आहे पण अविश्वासही आहे, मदत करा. येशूने त्याला हाकललं नाही, त्याचं पोरगं बरं केलं.

मात्र खरं बोलायचं म्हणजे सगळं माइकवर सांगायचं असं नाही. ते मिस्टरांचंही आयुष्य आहे, त्यांना न विचारता भरल्या चर्चमध्ये नको. पाळक साहेबांना घरी भेटून सांगा, आणि महिला मंडळातल्या एखाद्या पोटात गोष्ट ठेवणाऱ्या मावशींना सांगा म्हणजे प्रार्थनेला सोबत होईल. दारूचं व्यसन हा आजार आहे, उपचार लागतातच, डॉक्टरकडे गेलं म्हणजे विश्वास कमी पडला असं अजिबात नाही. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हेच काम करतंय, दारू सोडणाऱ्यांचा गट असलेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगा बऱ्याच शहरांत असतात, घरच्यांसाठी अल-अनॉन आहे, तिथे तुम्ही स्वतः जा, मिस्टर येवोत न येवोत.

आणि या रविवारी कोणी विचारलं भाऊ कुठायत, तर ड्युटी म्हणू नका. घरी आहेत, आमच्यासाठी प्रार्थना करा, एवढंच म्हणा.