दोन वाजता मेसेज नव्हताच, तरी ती उठली

"ताई, पोरगी रात्री उशिरापर्यंत मेसेज करत बसते, फोन काढून घेऊ का?" हे माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या दोन-तीन आया तरी आठवड्यातून विचारतात, म्हणून एक केस सांगते. आई आणि मुलगी दोघींना विचारून सांगतेय, नाव बदललंय, सई म्हणूया. इंदूरच्या लोकमान्य नगरातलं मराठी घर, मुलगी दहावीत. सहामाहीत गणितात मार्क एकदम खाली आले, सकाळी तीन हाका मारल्या तरी उठत नाही, पोहे समोर ठेवून पेंगते, रोज डोकं दुखतं. आईनी दोनदा फोन कपाटात टाकला तर हिनी आजीचा घेतला, मग घरात कटकट आणि आजी बिचारी मधल्यामधे.

माझ्यासमोर बसली तेव्हा उजवा अंगठा सारखा चोळत होती. म्हटलं अंगठा मुठीत धर आणि मनगट करंगळीकडे वाकव बघू, तर कळवळलीच. सारखं टाइप करून अंगठ्याच्या मुळाशी टेंडनला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला) सूज येऊ शकते, पण ते बघणं माझं काम नाही, हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

फोन काढून घ्या असं मी म्हटलं नाही. सईला सांगितलं, चार रात्री फक्त लिहून ठेव, किती वाजता फोन बघितलास आणि मेसेज कोणाचा होता. रफ वहीचं पान फाडून आणलं तिनी. 11:50 ग्रुप. 12:35 मैत्रीण. 1:10 मैत्रीण. आणि चारही रात्री दोनच्या आसपास एक ओळ, "कोणाचाच नाही". म्हणजे फोन वाजलाच नव्हता, उशीखाली होता, हिला आपोआप जाग आली आणि हिनी बघितला. सईच्या परवानगीनी ते पान आईला दाखवलं तर आई गप्पच झाली, तिला वाटत होतं पोरगी मजा करतेय.

या वयात 8 ते 10 तास झोप लागते. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन हे हार्मोन रात्री मुळातच उशिरा वाढतं, त्यात स्क्रीनचा उजेड तोंडावर, मग झोप आणखी पुढे जाते. सईला जेमतेम पाच तास मिळत होते आणि तेही तुकड्यांत. दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं होतं, झोपच नाही तर क्लासमधे समजलेलं गणित पेपरात आठवणार कुठून? मुलगी आळशी झाली नव्हती हो.

खरी गोष्ट तिसऱ्या भेटीत निघाली. मैत्रिणीच्या घरी भांडणं, ती रात्री रडायची. "मी उत्तर नाही दिलं तर ती कोणाशी बोलेल?" हे ऐकून मला भरून आलं. पण 15 वर्षांच्या पोरीनी रोज रात्रपाळी करायची का? आम्ही दोघींनी बसून मेसेज लिहिला, चारदा खोडून, शेवटी राहिला तो असा: "साडेदहानंतर माझा फोन बाहेर असतो, सकाळी पहिला तुझाच मेसेज बघीन." मानसिक आधारासाठीचा टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर पण मैत्रिणीला दिला, तिथे रात्रीही कोणीतरी बोलायला असतं. आणि सईला बजावलं, ती जिवाचं बरंवाईट करायचं बोलली तर त्याच क्षणी आईला उठवायचं, गुपित ठेवायचं नाही.

आता घरातले सगळे फोन रात्री देवघराशेजारच्या फळीवर असतात, बाबांचा पण (त्यांना पटायला आठ दिवस लागले). सईला गजराचं चांगलं घड्याळ आणून दिलं, कारण "गजरासाठी फोन लागतो" हे पहिलं कारण असतं. मागच्या आठवड्यात आली तेव्हा अंगठ्याला डॉक्टरांनी दिलेला पट्टा निघाला होता. दोन वाजता जाग अजून येते म्हणाली, कूस बदलते आणि झोपते.