आधी अंदाज लिही

प्रिय पोरी,

रविवारी तू गेलीस तेव्हा तुझा कागद टेबलावरच राहिला. "काका, मोबाईल अर्ध्या मिनिटात सांगतो, मग मी कशाला घासत बसू?" हे विचारताना तुझा सूर उद्धट नव्हता, रडवेला होता. म्हणून लिहितोय.

तुझं टेपरचं, म्हणजे निमुळत्या दांड्याचं, गणित पुन्हा पाहिलं. एका टोकाला व्यास ४० मिलिमीटर, दुसऱ्या टोकाला ३०, लांबी ५०. फोनने सेटिंगचा, म्हणजे लेथवर हत्यार तिरकं लावायचा, कोन ११.३१ अंश दिला, तू उतरवून घेतलास. मी विचारलं, बरोबर आहे का? तर तू परत फोनकडेच पाहिलंस. तिथे माझं डोकं फिरलं. कप आपटायला नको होता, ते चुकलं माझं.

अगं, साठ मिलिमीटरला एक मिलिमीटर उतार म्हणजे साधारण एक अंश, हे आमच्या शॉपमध्ये हेल्परलाही ठाऊक असायचं. तुझा जॉब, म्हणजे तो दांडा, एका बाजूने पन्नासात पाच उतरतो. म्हणजे साठात सहा. सहा अंशांच्या आसपास! नेमकं उत्तर ५.७१. व्यासांतला फरक निम्मा करायचा राहिला, एवढंच. आधी अंदाज लिही, मग बटण दाब. कोपऱ्यात, पेन्सिलीने. चुकू दे.

देवळालीच्या शाळेतले कापरेकर मास्तर १९४९ साली चार अंकी संख्येचे अंक उतरत्या-चढत्या क्रमाने मांडून वजाबाक्या करत करत ६१७४ वर पोचले. तेवढं तुझ्याकडे कोणी मागत नाही. अकरा बघून तुझी भुवई वर जायला हवी, बस.

मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. सातपूरला आमच्याकडे सीएनसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी मशीन, आली तेव्हा मी सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, होतो, आणि वहीत आकडेमोड करणं मीच सगळ्यांत आधी सोडलं. एका रात्रपाळीला प्रोग्रॅममध्ये 'एक्स ५०'पुढचं दशांश टिंब राहिलं. आमच्या त्या मशीनला टिंब नसलं की पन्नास म्हणजे पन्नास मायक्रॉन, मिलिमीटरचा विसावा भाग. स्क्रीनवर ०.०५० दिसत होतं. मी पाहिलं, वाचलं नाही. टूल सरळ जॉबच्या पोटात घुसलं. चौकशीत नाव लागलं ऑपरेटरचं. प्रोग्रॅम माझा होता. मी गप्प बसलो.

बहिणीचं लग्न ठरलं होतं, मला कायम व्हायचं होतं. आणि मशीन चालू करायचं 'सायकल स्टार्ट' बटण दाबण्याआधी त्यानेही बघायला हवंच होतं, हे मी आजही म्हणतो. पण तो विशीतला पोरगा. अंदाज घ्यायला त्याला शिकवणार कोण होतं? मीच ना!

म्हणून तुझ्यावर ओरडलो. आधी अंदाज, मग बटण. शंभरदा सांगेन, कंटाळलीस तरी.

पुढच्या रविवारी ये. फोन आण, चार्ज करून आण. ड्रॉइंग मी देतो. आधी तुझा आकडा कागदावर, मग फोनचा. माझं जुनं व्हर्निअर काढून ठेवलंय. त्याचं शून्य जरा सरकलंय. किती, ते तू सांगायचंस.

तुझा,
काका