बाबा पाय खाली सोडून का झोपतात?

प्रश्न : माझे वडील ६१ वर्षांचे, जुने मधुमेही. आठवड्यातून दोनदा डायलिसिस होतं. हिमोग्लोबिन ७.८. थोडं चाललं की डाव्या पोटरीत गोळा येतो, थांबले की जातो. हल्ली रात्री पाय दुखतो म्हणून तो खाटेखाली सोडून झोपतात. आई म्हणते, अंगात रक्त नाही म्हणून होतंय. तिने बीट, डाळिंब, खजूर सुरू केलंय. रक्त चढवावं का?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : आधी बाबांचे मोजे काढा आणि उजेडात दोन्ही पाय नीट बघा, बोटांच्या बेचक्यांसकट. पाय खाली सोडला की बरं वाटतं, ही खूण मला रक्ताच्या आकड्याहून जास्त काळजीची वाटते. पायाची धमनी अरुंद झाली की रक्त उतारानेच काय ते पोचतं. डायलिसिस आणि मधुमेह दोन्ही असले की हा आजार बराच आढळतो. डायलिसिस चालू असताना पायात गोळे येतात, त्यांत तो लपतोही.

आईचं अगदीच चुकलं नाही. आधीच कमी पोचणाऱ्या रक्तात प्राणवायूही कमी असला, तर पायाचे हाल दुप्पट. पण रक्त वाढल्याने धमनी उघडत नाही. म्हणून याच आठवड्यात रक्तवाहिन्यांच्या सर्जनना दाखवा आणि पायाचा डॉपलर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) करून घ्या. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाची तुलनाही करतात, पण अशा रुग्णांच्या धमन्या कॅल्शियम साचून कडक होतात आणि घोट्याचा आकडा फसवा चांगला येतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजायला सांगा. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिनी जोडलेल्या, हाताला मात्र पट्टा बांधू देऊ नका.

आता रक्ताचं. रक्त बनवायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मूत्रपिंडात तयार होतं, ते बीट खाऊन येणार नाही. उलट बीट, डाळिंब, खजुरातलं पोटॅशियम बाबांच्या हृदयाला घातक ठरू शकतं. ते आजच थांबवा. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या लोहाच्या रक्तचाचण्या करून लोह कमी असेल तर शिरेतून देतात, सोबत एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं. हिमोग्लोबिन साधारण १० ते ११.५ पुरे. ‘अजून वाढवा’ असा आग्रह धरू नका. १३ च्या वर नेलं की पक्षाघात आणि गुठळ्यांचा धोका वाढतो.

दम लागत असेल, छातीत दुखत असेल तर रक्त चढवावं लागू शकतं, तो निर्णय तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टचा (मूत्रपिंडाच्या डॉक्टरांचा). पुढेमागे प्रत्यारोपणाचा विचार असेल तर तसं त्यांना आधीच सांगा. चढवलेल्या रक्तामुळे शरीरात परक्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ शकतात आणि मग जुळणारं मूत्रपिंड मिळणं अवघड होतं.

तंबाखूचं तुम्ही काही लिहिलं नाही. मशेरी, गुटखा, विडी, जे असेल ते बंद. पाय गार पडतो म्हणून गरम पाण्याची पिशवी लावू नका. मधुमेहात चटका कळत नाही आणि ती जखम भरत नाही. बोट काळं पडलं, जखम दिसली किंवा पाय एकाएकी थंडगार होऊन पांढरा पडला, तर पुढच्या डायलिसिसची वाट बघू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.