आजचा भाव आणि मागच्या महिन्यातले हवामान

प्रश्न : उष्णतेची लाट ओसरून महिना होऊन गेला, आता हवा चांगली आहे, तरी टोमॅटोचे भाव चढेच आहेत. ही साठेबाजी समजावी का?

उत्तर : संशय येणे स्वाभाविक आहे, परंतु पिकलेला टोमॅटो हा फार काळ दडवून ठेवण्याजोगा माल नाही, तो नुसता पडून राहिला तरी वजनात घटतो आणि मऊ पडतो. आपण वर्णन केलेल्या परिस्थितीचे कारण बहुधा शेतातच सापडते. टोमॅटोचे फूल उष्णतेला फार लवकर बळी पडते. दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्यावर जाऊ लागले आणि रात्रीही हवा पुरेशी थंड होईनाशी झाली, की परागकण निकामी होतात. मग फुलाचा देठ पिवळा पडतो आणि मधल्या सांध्यापाशी फूल गळून जाते. झाड मात्र हिरवेगार असते, त्यामुळे रस्त्यावरून शेत पाहणाऱ्याला नुकसान कळतही नाही.

फूल उमलल्यापासून फळ तोडणीला येईपर्यंत साधारण सहा ते आठ आठवडे जातात. लाट चालू असताना आधी धरलेली फळे बाजारात येतच राहतात. उन्हाने ती लवकर पिकून काही दिवस आवक वाढलेलीही दिसते. तूट नंतर पडते, आणि तोपर्यंत हवा सुधारलेली असल्यामुळे ग्राहकाला भाववाढीचा मेळ लागत नाही. पालेभाज्या पेरणीपासून महिना-दीड महिन्यात निघतात, म्हणून त्यांचा बाजार लवकर सावरतो. फळबागेत मात्र मोहोराच्या दिवसांत गारपीट किंवा कडाक्याची थंडी पडली, तर त्या बागेचे पीक पुढच्या बहरापर्यंत भरून निघत नाही.

आवक थोडी घटली तरी भाव इतका का चढतो, हा यातला दुसरा भाग. रोजच्या जेवणातली वस्तू लोक एकदम कमी करत नाहीत आणि ताज्या मालाचा साठा फारसा नसतो, त्यामुळे तुटीचा सगळा भार भावावर पडतो. ही गोष्ट जुन्या अभ्यासकांच्याही लक्षात आली होती. इंग्लंडमधील चार्ल्स डेव्हनंट यांनी १६९९ मध्ये धान्याविषयी एक कोष्टक प्रसिद्ध केले. ते त्यांच्याच काळातील आकडेवारीचे अभ्यासक ग्रेगरी किंग यांच्या नावाने ओळखले जाते. पीक एक दशांशाने घटले तर भाव तीन दशांशांनी वाढतो, असे त्यात मांडलेले आहे. धान्य निदान कोठारात राहते. भाजीला तोही आधार नाही, म्हणून तिचे भाव अधिकच हेलकावे खातात.

प्रश्न : पावसाळी दिवसांत जास्त पैसे मोजून आणलेली भाजी दोन दिवसांत सडते आणि फळेही बेचव लागतात. महाग माल चांगला नको का?

उत्तर : भाव टंचाई सांगतो, प्रत सांगत नाही, पावसात तर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बिघडतात. आभाळ सतत झाकलेले असले की पानांना प्रकाश कमी मिळतो आणि फळात साखर कमी भरते. पिकत आलेल्या द्राक्षासारख्या फळावर जोराचा पाऊस झाला, तर आतला गर फुगतो, साल तेवढी ताणू शकत नाही, तिला बारीक चिरा पडतात आणि तिथून बुरशी शिरते. ओल्या पानांवर मातीचे शिंतोडे बसलेले असतात. तशीच खुडलेली पालेभाजी जुडीत आतून तापते आणि सडते.

कांद्याचे नुकसान अधिक फसवे असते. काढणीच्या सुमारास पाऊस झाला आणि पुढे कांदा नीट सुकवता आला नाही, तर त्याची मान ओलसर राहते. कांदा बाहेरून ठणठणीत दिसतो, पण मानेतून शिरलेली कूज साठवणुकीत आत पसरत जाते आणि कित्येक आठवड्यांनी पोती उघडल्यावर उघडकीस येते. अशा वर्षी साठवलेल्या कांद्याचा आकडा पाहून पुढील आवकेचा अंदाज बांधणे धोक्याचे असते, कारण त्यातला विकण्याजोगा किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

उष्णतेची गोष्ट वेगळी आहे. तोडलेली भाजीही श्वसन करत असते आणि तापमान १० अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारणपणे दुपटी-तिपटीने वाढतो. भर दुपारी तोडून उन्हातच रचलेला माल गाडीत चढण्यापूर्वीच आपले बरेचसे आयुष्य खर्च करून बसतो. मात्र अति थंडीही सर्वांना मानवत नाही : सुमारे १३ अंशांच्या खाली ठेवलेल्या केळ्याची साल काळपट पडते आणि ते नीट पिकत नाही.

प्रश्न : हवामान उत्तम असताना शेतकऱ्याला माल फेकून द्यावा लागतो, हे कसे?

उत्तर : वेगवेगळ्या आठवड्यांत लावलेली पिके अनुकूल हवेत एकदम तयार होतात. फ्लॉवरचा गड्डा उबदार हवेत झपाट्याने वाढतो आणि थांबवून ठेवला तर सैल होऊन पिवळा पडतो, त्यामुळे तो काढावाच लागतो. सर्वांचा माल एकाच वेळी आल्यावर भाव इतका उतरतो की तोडणी, बारदान आणि वाहतूक यांचा खर्चही निघत नाही. त्या नुकसानीनंतर पुढची लागवड घटते, आणि नेमक्या त्याच हंगामात हवामान बिघडले, तर आधीच कमी असलेल्या पिकावर घाव बसून टंचाई दुप्पट तीव्र होते.