ग्राफक्यूएलच्या चालू प्रोजेक्टमध्ये न्यूटनसॉफ्ट काढून सिस्टम डॉट टेक्स्ट डॉट जेसन टाकलं तर काही बिघडतं का?

न्यूटनसॉफ्ट आणि सिस्टम डॉट टेक्स्ट डॉट जेसन या दोन्ही मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये जेसन नावाच्या मजकुराच्या साच्यात माहिती लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या लायब्रऱ्या, पहिली जुनी, दुसरी नवी; ग्राफक्यूएल म्हणजे ॲपने सर्व्हरकडून हवी तीच माहिती मागायची पद्धत. तुमच्या प्रश्नाची शेवटची ओळ अशी आहे: "आमचे लीड म्हणतात अर्ध्या दिवसाचं काम आहे, लायब्ररी कुठलीही घ्या, बाहेर पडणार ते जेसनच." ती वाचली आणि हातातला चहा खाली ठेवून लिहायला बसले. हे वाक्य मी आधी ऐकलंय. २०२१ ची दिवाळी नुकतीच झाली होती, परसोडीच्या आयटी पार्कातलं आमचं छोटंसं ऑफिस, आणि बोलणारे आमचे लीड सर.

काम अर्ध्या दिवसाचंच आहे, ते आधी सांगून टाकते. ग्राफक्यूएल डॉटनेटमध्ये दोन्ही लायब्रऱ्यांसाठी तयार पॅकेजं आहेत. एक काढायचं, दुसरं टाकायचं, स्टार्टअपमधली एक ओळ बदलायची, आणि कोडमध्ये कोणी कुठे थेट जेऑब्जेक्ट (न्यूटनसॉफ्टचा स्वतःचा प्रकार) वापरून ठेवलंय ते हुडकायचं. कंपाइल होतं. आमचंही झालं होतं, दुपारच्या डब्याच्या आत.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे संत्र्याचे एक मोठे अडते. कळमन्याला माल उतरतो, कोणाची गाडी, कुठलं गाव, लिलावात काय भाव लागला, हमाली-तोलाई कापून हातात किती, हे सगळं आमच्या सिस्टममध्ये. ॲप ते ग्राफक्यूएलवरून ओढायचं. नावं सगळी देवनागरीत, कारण अडत्यांची पहिली अटच ती होती: "इंग्रजीत छापलं तं शेतकरी म्हणते हे दुसऱ्याच कोणाची पट्टी हाय." (पट्टी म्हणजे शेतकऱ्याला मिळणारी विक्रीच्या हिशेबाची पावती.)

सरांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. डॉटनेट कोअर ३.० पासून केस्ट्रेल सर्व्हर सिंक्रोनस पद्धतीने (म्हणजे लिहून होईस्तोवर अडवून ठेवत) रिस्पॉन्स लिहू देत नाही, आणि न्यूटनसॉफ्ट लिहिते तशीच. मग ती परवानगी मुद्दाम चालू करून ठेवावी लागते. आमच्या कोडमध्ये ते ठिगळ होतं, वर कोणीतरी "नंतर काढू" अशी कॉमेंट टाकलेली. नवी लायब्ररी असिंक, म्हणजे न अडवता, लिहिते, ठिगळ निघतं. इथवर मीसुद्धा त्यांच्या बाजूने. पण त्यांना ठिगळापेक्षा वेग हवा होता. गाड्यांच्या यादीचं पान हळू उघडतं, अशी अडत्यांची तक्रार होती, आणि नवी लायब्ररी वेगवान असं सगळीकडे लिहिलेलं.

मी म्हटलं, सर, चढवण्याआधी जुना रिस्पॉन्स आणि नवा रिस्पॉन्स बाइट-बाइट ताडून बघू, खऱ्या नावांसकट. आमच्या टेस्ट डेटात सगळे 'टेस्ट युजर १', 'टेस्ट युजर २', गाव 'एबीसी', तेही रोमन लिपीत. नागपुरात बसून संत्र्यांचं सॉफ्टवेअर करतोय आणि टेस्ट डेटात एक काटोल नाही, एक नरखेड नाही.

सर हसले. "तू काऊन इतकं टेन्शन घेऊन रायली? जेसन म्हणजे जेसन. स्पेक वाच." स्पेक, म्हणजे ग्राफक्यूएलची नियमावली, मी वाचलेला होता. तो म्हणतो की ग्राफक्यूएल एका ठरावीक फॉरमॅटला बांधलेलं नाही, जेसन आपलं सगळ्यात चालतं म्हणून. त्याच्या आत अक्षरं कशी लिहायची, ते सगळं लायब्ररीच्या मर्जीवर.

बुधवारी रात्री चढवलं. गुरुवारी सकाळी मुनीमजींचा फोन: "म्याडम, तुमचा कम्प्युटर पट्टीवर मंत्र छापून रायला."

ॲक्टिव्हा काढली आणि कळमन्याला गेले. अंबिया बहार जोरात, गाड्यांच्या रांगा, पायाखाली पेंढा आणि सालं. मुनीमजींनी पट्टी हातात दिली. नावापुढे बॅकस्लॅश, यू, ०९३०. मग बॅकस्लॅश, यू, ०९३ई. मग ०९२ई. असं तीन ओळी खाली घसरत गेलेलं, गावाची जागाही गिळलेली. खाली तोल, भाव, रक्कम मात्र चोख. ज्यांची पट्टी होती ते म्हातारे बाबा बाजूलाच उभे होते, रामाजी त्यांचं नाव. मला म्हणाले, "पैसे बरोबर हायेत बाई, पन मी कोन हाय हे यात कुठी लिवलं?"

आता झालं काय, ते सांगते. सिस्टम डॉट टेक्स्ट डॉट जेसन मुळात सावध लायब्ररी आहे. कोणी तिचं आउटपुट उचलून थेट एचटीएमएलमध्ये चिकटवलं तरी स्क्रिप्ट घुसू नये, म्हणून इंग्रजी अक्षरांपलीकडचं सगळं ती बॅकस्लॅश-यूच्या रूपात लिहिते. न्यूटनसॉफ्ट 'र' ला 'र' च लिहायची. जेसनच्या नियमाने दोन्ही रूपं सारखीच. ॲपमध्ये पार्सर (जेसन नियमाप्रमाणे उलगडून वाचणारा कोड) होता, म्हणून ॲपला काही कळलंही नाही. पण पट्टी छापणारा प्रोग्रॅम वेगळा होता, अडत्यांकडे आमच्याही आधीपासून होता, कोणा ओळखीच्या पोराने लिहिलेला. तो जेसन पार्स करतच नव्हता. नावाचा रकाना शोधायचा, पुढच्या दोन अवतरण चिन्हांमधलं उचलायचा, आणि प्रिंटरला द्यायचा. हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. माहीत नसतं म्हणूनच ताडून बघायचं असतं.

संध्याकाळी रिलीज मागे घेतलं. सरांनी गूगल करून एन्कोडर (कुठली अक्षरं सरळ लिहायची ते ठरवणारा भाग) सापडवला, त्यात युनिकोडमधला देवनागरीचा पट्टा, म्हणजे त्या अक्षरांचा गट, मोकळा केला आणि शुक्रवारी पुन्हा चढवलं. यावेळी मी हट्टाने आदल्या दिवसाच्या खऱ्या पट्ट्या काढून बसले. रामाजी नीट आले. रुपयाचं चिन्ह मात्र फुटलं, कारण ते देवनागरीच्या पट्ट्यात नाही, चलन चिन्हांच्या पट्ट्यात आहे. फोन नंबरच्या आधीचं अधिक चिन्ह फुटलं, ते तर साधं इंग्रजीच, पण सावध लायब्ररीला तेही संशयित. आणि फुटले ते वऱ्हाडे.

वऱ्हाडे आडनावाचे दोन शेतकरी होते. एकाचं नीट छापलं, दुसऱ्याचं मधोमध तुटलं. डोळ्यांना दोन्ही नावं सारखीच. अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं. हा 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, नुक्त्याचा ऱ घेऊन. दुसरी जुनी तऱ्हा म्हणजे साधा र, हलन्त, आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. ते जोडचिन्ह युनिकोडमध्ये देवनागरीच्या पट्ट्याबाहेर राहतं, म्हणून मोकळ्या केलेल्या पट्ट्यातून ते वगळलं गेलं. विदर्भात बसून वऱ्हाडच फुटावं, याच्यासारखा विनोद नाही. त्या दिवशी कोणी हसलं नाही, ते सोडा.

शेवटी एन्कोडरशी झटणं सोडलं आणि मी दोन दिवस बसून पट्टीच्या प्रोग्रॅममध्ये खराखुरा पार्सर घातला. मग लायब्ररीने काही का लिहीना, छापायचं नीट. जे काम आधी करायचं ते शेवटी झालं.

आणि वेग? पान तितकंच हळू. वेळ सिरियलायझरमध्ये, म्हणजे जेसन लिहिण्यात, जातच नव्हता. चाळीस गाड्यांची यादी मागितली की यादीची एक क्वेरी आणि प्रत्येक गाडीमागे शेतकऱ्याचं नाव आणायला एकेक, अशा एक्केचाळीस क्वेऱ्या डेटाबेसवर जात होत्या. डेटालोडर लावला, शेतकरी एकगठ्ठा आणले, पान पळायला लागलं. हे मी लायब्ररीच्याही आधी सुचवलं होतं, मेल अजून आहे. पण वर्षाच्या शेवटी माझ्या रिव्ह्यूमध्ये लिहिलं गेलं, "टेस्टिंगमध्ये अधिक काळजी हवी." सरांच्या रिव्ह्यूमध्ये काय लिहिलं ते मला माहीत नाही. त्यांना पुढच्या एप्रिलमध्ये बढती मिळाली, एवढं माहीत आहे.

तर तुमचं उत्तर. आधी प्रोफायलर (वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन) लावा. वेळ डेटाबेसमध्ये जात असेल तर लायब्ररीला हात लावू नका, निदान वेगाच्या नावाखाली तरी. बदलायचीच असेल तर तुमचे सगळे क्लायंट कोण, हे कागदावर लिहा. ॲप आणि वेबसाइट धरू नका, ते पार्स करतात. एक्सेलमध्ये ओढणारं, प्रिंटरला पाठवणारं, रात्री दीडला चालणारं काय काय आहे ते शोधा.

दशांशाकडेही बघा: डबल प्रकारातला पूर्ण दहा न्यूटनसॉफ्ट 'दहा पॉइंट शून्य' लिहिते, नवी नुसता दहा. गणित तेच, पण मजकूर ताडणाऱ्या टेस्टा लाल होतात. क्वेरीसोबत येणारी व्हेरिएबल्स वाचणारा कोड तुम्ही हाताने लिहिलेला असेल तर तिथे जास्त वेळ ठेवा. मोकळ्या ऑब्जेक्टमध्ये वाचताना न्यूटनसॉफ्ट तारखेसारखी दिसणारी स्ट्रिंग आपणहून तारीख करून टाकते. नवी तसं काही करत नाही, तुमच्या हातात जेसनएलिमेंट (प्रकार न ठरवलेला जेसनचा तुकडा) ठेवते आणि पुढचं तुम्ही बघा म्हणते. शिवाय ती नावांमधली लहान-मोठी अक्षरं वेगळी धरते आणि शेवटचा जादा स्वल्पविराम खपवून घेत नाही. ग्राफक्यूएलचं तयार पॅकेज यातलं बरंचसं सांभाळतं, म्हणून स्वतःचे कन्व्हर्टर (रूपांतर करणारे कोडचे तुकडे) जितके कमी तितकं बरं.

बहुतेक सगळं सरळ बाहेर सोडणारा एक सैल एन्कोडरही मिळतो, त्याच्या नावातच 'अनसेफ' आहे. रिस्पॉन्स जेसन म्हणूनच जात असेल आणि कोणी तो एचटीएमएलमध्ये कोंबत नसेल तर वापरायला हरकत नाही. आम्ही वापरला नाही, कारण सरांना त्या नावाची भीती वाटली. 'जेसन म्हणजे जेसन' म्हणणाऱ्या माणसाला!

हो, आणि एक कबूल करायला हवं. त्या वेळी मी मीटिंगमध्ये जोरात म्हटलं होतं की देवनागरी रिस्पॉन्सचा आकार दुप्पट होतो. होतोच, यूटीएफ-८ मध्ये आपलं एक अक्षरचिन्ह तीन बाइटचं, बॅकस्लॅश-यू लावलं की सहा. पण सर्व्हरवर जीझिप (मजकूर दाबून पाठवणारी पद्धत) चालू होतं, आणि त्यात तो फरक बराचसा चेपला जातो. सरांनी ते तिथल्या तिथे दाखवलं होतं आणि मी गप्प बसले होते. तसंच, आज नवा प्रोजेक्ट सुरू करायचा असता तर मीही पहिल्या दिवसापासून नवीच लायब्ररी घेतली असती. माझं भांडण लायब्ररीशी कधी नव्हतंच.

तुमच्या लीडना एवढंच विचारा, टेस्ट डेटात वऱ्हाडे आहेत का. दोन्ही तऱ्हांचे.