सोडून गेलेल्या बेसबॉलपटूचं जुन्या मैदानावर सर्वात प्रेमाने झालेलं स्वागत कोणतं?

माझ्या मते अल्बर्ट पुहोल्सचं, जून 2019 मध्ये, सेंट लुईसच्या बुश स्टेडियमवर.

सेंट लुईसच्याच कार्डिनल्स संघाकडून तो 11 हंगाम खेळला. 2006 आणि 2011 अशा दोन वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम विजेतेपदाच्या मालिका, जिंकल्या. मग 10 वर्षांच्या, सुमारे 24 कोटी डॉलरच्या करारावर लॉस एंजलिस एंजल्स संघाकडे गेला. तेव्हा लोक खूप दुखावले होते. दोन्ही संघ वेगवेगळ्या लीगमधले, त्यांची गाठ क्वचितच पडायची, त्यामुळे पाहुणा म्हणून या मैदानावर यायला त्याला 2019 उजाडलं.

पहिल्यांदा फलंदाजीला आला, तेव्हा अख्खं स्टेडियम उभं राहिलं. टाळ्या थांबेचनात. कार्डिनल्सचा कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा खेळाडू) याडियर मोलिना, त्याचा जुना जिवलग सहकारी, पुढे झाला आणि त्याने पुहोल्सला मिठी मारली. दुसऱ्या दिवशी तर कमालच झाली! पुहोल्सने कार्डिनल्सचाच गोलंदाज डकोटा हडसनला होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारला आणि तरीही घरच्या प्रेक्षकांनी जल्लोष केला, त्याला डगआउटमधून पुन्हा बाहेर यायला लावलं. आपल्या संघाविरुद्धच्या होम रनवर इतकं मनापासून खूश होणारे प्रेक्षक मी दुसरे पाहिलेले नाहीत.

शेवटचा हंगाम, 2022 चा, तो पुन्हा कार्डिनल्सकडूनच खेळला आणि 703 होम रनवर निवृत्त झाला.