आधी आर्टिकल, मग वाद

सर, लातूरकडच्या शाळेत इंग्रजीला रुजू होताय, चांगलं झालं. स्टाफरूममधल्या वादात मात्र फार अडकू नका. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन चालतं का, यावर मंडळी चहा गार होईस्तोवर भांडतात. शेवटी ते नको, ही तक्रार इंग्रज कवी ड्रायडननं १६७२ साली केली, ती अजून चालूच आहे. 'हू आर यू टॉकिंग टू?' हे सरळ, चालू इंग्रजी आहे. लेकरांचे मार्क उगं कापू नका. स्प्लिट इन्फिनिटिव्हचंही, म्हणजे 'टू' आणि क्रियापदाच्या मधे शब्द घालण्याचंही, तेच.

खरा घोळ वह्यांत दिसतो. 'माय फादर इज फार्मर.' मराठीत आर्टिकलच ('अ', 'ॲन', 'द') नाही, म्हणून 'अ' गळतो. नुसता लाल गोल करून भागत नाही. जोडी द्या: 'वी हॅव अ बुलक. द बुलक इज ओल्ड.' पहिल्यांदा आला तेव्हा 'अ', ओळख झाली की 'द'. 'ॲन अवर' आणि 'अ युनिव्हर्सिटी' आधी मोठ्यानं वदवून घ्या, मग फळ्यावर लिहा. नियम उच्चाराचा आहे, अक्षराचा नाही. 'डिस्कस अबाउट'मधला 'अबाउट' मात्र जरूर खोडा.

'एव्हरीवन'नंतर 'देअर' आलं तर मी मार्क देतो. एकवचनी 'दे', म्हणजे एकाच माणसासाठी 'दे', चौदाव्या शतकापासून वापरात आहे. पण बोर्डाच्या पेपरात 'हिज ऑर हर' लिहिलेलं बरं. तपासणारा कसा निघेल, काय नेम!